क्विझ लावली की निम्मा वर्ग गप्प? या चुका टाळा

नर्सिंग आन् बीएस्सीच्या लेकरांना मोबाईलवरून काही करायला द्यायचं म्हणलं की आपण घरी वायफायवर, स्वतःच्या लॉगिननं चेक करतो, झकास चालतं, आन् वर्गात गेलं की पोरं म्हणायलेत, "सर, ओपनच होईना." परभणीत माझं पहिल्या वर्षी असंच झालतं. गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकली, साठातल्या बारा जणांची उत्तरं आली, मी समजलो लेकरांना इंटरेस्टच नाही. मग एकीनं फोन दाखवला. परवानगी मागा म्हणत होता! फॉर्म मी कॉलेजच्या आयडीवरून केलता, तो त्याच आयडीवाल्यांना उघडायचा, आन् पोरं सगळी आपापल्या जीमेलवर. सेटिंगमधलं ते एक बटण बंद केलं, झालं काम. म्हणून लिंक आधी एखाद्या लेकराच्याच फोनवर, त्याच्याच डेटावर, शेवटच्या बाकावर बसून उघडून बघा. आपल्या हॉटस्पॉटच्या भरवशावर तर राहूच नका, आठ-दहा फोन जोडले की बाकीच्यांचं नुसतं गोल फिरत बसतं. फेटची (PhET, विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून दाखवणारी साइट) सिम्युलेशनं दाखवायची असतील तर आदल्या रात्रीच लॅपटॉपवर डाउनलोड करून ठेवा, नेट लागत नाही.

आता सगळं चाललं तरी एक चूक होतेच, उत्तर लगेच सांगून टाकायची. मी विचारलं, इन्सुलिनची वायल (बाटली) 40 युनिट प्रति एमएलची, ऑर्डर 20 युनिटची, पण हातात लाल टोपणाऐवजी केशरी टोपणाची यू-100 सिरिंज (हिच्यावर 1 एमएलला 100 च्या खुणा, लालवर 40 च्या) आली आन् 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर पेशंटला किती गेलं? बऱ्याच जणांनी 20 च दाबलं. स्क्रीनवर निकाल न दाखवता म्हणलं, शेजाऱ्याला पटवून द्या. दोन मिनिटं नुसता कालवा. मागं एक पोरगी शेजारणीच्या वहीवर गणित मांडायली, "अगं खूण 20 ची असली तरी भरलं 0.2 एमएलच ना, म्हणजे 8 युनिट!" परत मत घेतलं तर बहुतेकांचं बरोबर. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर 1990 च्या दशकापासून हेच करत आलेत. अगदी सोप्या प्रश्नावर मात्र ही भानगड नको, सगळ्यांना आलं तर भांडायचं कशावर?

कहूट या क्विझच्या ॲपमध्ये लवकर उत्तराला जास्त पॉइंट, म्हणजे ज्याचं नेट स्लो ते लेकरू गणित येऊनही मागं. टाइम वाढवा नाहीतर पॉइंटच बंद करा.

वॉर्डातल्या जखमेचा फोटो केस म्हणून ग्रुपवर टाकणारे बी हायेत, चेहरा, केसपेपर नंबर सगळं दिसतं त्यात. नाही म्हणजे नाही.

आन् उन्हाळ्यात लाइट गेली, प्रोजेक्टर बंद पडला तर तास सोडून देऊ नका राव. पर्यायांना 1 ते 4 नंबर द्या, तेवढी बोटं छातीशी धरायला लावा, शेजाऱ्याला दिसत नाहीत, आपल्याला समोरून सगळी दिसतात.