रॅम वाढवली म्हणून फॉरमॅट? या चुका टाळा

नाशिकमध्ये कुठल्याही दुकानात पीसी अपग्रेडला नेला की बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखा होईल." गरज नसताना ते करून घेऊ नका. विंडोज नव्याने टाकायची की नाही, हे कोणता पार्ट बदलला यावर ठरतं.

रॅम वाढवली तर फॉरमॅटची गरजच नाही. अपवाद एकच: ३२ बिट विंडोज. होम-प्रो आवृत्त्यांत ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही, मग ६४ बिट नव्याने टाकावीच लागते. ग्राफिक्स कार्ड बदललं तर जुना ड्रायव्हर (तो पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका, बस्स.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवताना क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट जशीच्या तशी नक्कल, केलेलं चालतं. पण क्लोन झाल्यावर पहिल्यांदा पीसी सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. नाहीतर मशीन जुन्याच डिस्कवरून सुरू होतं आणि "एसएसडी टाकूनही फरक नाही" अशी तक्रार येते. जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर मात्र क्लोनच्या नादी लागू नका. डेटा वेगळा काढून विंडोज नव्यानेच टाका.

खरा प्रश्न मदरबोर्डचा, म्हणजे सगळे पार्ट ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डचा. विंडोज १० आणि ११ नवा बोर्ड बऱ्याचदा सांभाळून घेतात. निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं, तर लगेच फॉरमॅटकडे धावू नका. आधी बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग, बघा: जुन्या बोर्डवर एएचसीआय (AHCI) होता आणि नव्यावर रेड (RAID) आहे का? असेल तर जुन्यासारखाच मोड ठेवा. डिस्क बूटच होत नसेल तर बायोसमधल्या लेगसी आणि यूईएफआय (UEFI) या जुन्या-नव्या बूट पद्धतींचा घोळ तपासा. एवढं करूनही पीसी अडखळत असेल किंवा इंटेलच्या प्रोसेसरवरून एएमडीच्या प्रोसेसरवर गेला असाल, तर स्वच्छ इन्स्टॉल करणं मला जास्त पटतं. ड्रायव्हरचा जुना कचरा नंतर छळतो.

मात्र बोर्ड काढण्याआधी तयारी हवीच. विंडोजचं रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) लायसन्स असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, म्हणजे बोर्ड बदलल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमधून ॲक्टिव्हेशन परत मिळवता येतं. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र नव्या बोर्डवर जात नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही.

सातपूर-अंबडमधली वर्कशॉप आणि शहरातली टॅक्सची ऑफिसं इथेच अडकतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. म्हणून बोर्ड बदलण्याआधी किंवा फॉरमॅटआधी ते टॅलीमधूनच सरेंडर (परत) करा, नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. कंपनीच्या डेटा फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. डिजिटल सहीच्या टोकनचा (सही साठवलेल्या यूएसबी उपकरणाचा) ड्रायव्हरही हाताशी ठेवा. फॉरमॅटनंतर तो पुन्हा टाकावा लागतो, आणि रिटर्नची शेवटची तारीख असेल तर तो शोधण्यातच दिवस जातो.