फुकटचं ओटीटी गेलं म्हणून रागात नंबर पोर्ट करताय? या चुका टाळा

पोस्टपेड प्लॅनमधलं फुकटचं ओटीटी कंपनीने काढलं की आमच्या मोबाईलच्या दुकानात गर्दी सुरू, "भाऊ, आत्ताच्या आत्ता पोर्ट मारा!" राग बरोबरच आहे, बिल तेवढंच ठेवून वस्तू काढून घेतली तर कोणाचंही डोकं फिरेल. पण पोर्टिंग, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणं, हे काही रिचार्ज नाही हो, आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

सगळ्यात महागात पडतं ते शेवटचं बिल. १९०० ला PORT आणि नंबर पाठवला, नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरी कोड आला, की लोकांना वाटतं सुटलो. कोड आला म्हणजे मुदत उलटलेलं बिल बाकी नाही, एवढंच. मागच्या बिलापासून नंबर जाईपर्यंतच्या दिवसांचं बिल नंतर निघतं. आमच्या ओळखीच्या एका सरांनी पोर्ट टाकलं त्याच दिवशी ऑटोपे बंद केला, कंपनीचे ईमेल स्पॅममध्ये टाकले. नवीन सिम मस्त चालू. मग साताठशेचं बिल आलं ते बघतंय कोण, जुन्या कंपनीने नवीला कळवलं, नवीने नोटिशीचा मेसेज पाठवला, तो लोन आणि रमीच्या जाहिरातींत गाडला गेला आणि एक दिवस सेवाच बंद. सर काउंटरवर सिम काढतायत, शर्टाला पुसतायत, परत घालतायत आणि शिव्या नव्या कंपनीला! बिल भरलं तरी लगेच चालू होईना, कारण जुनीने नवीला कळवायचं, त्यात मध्ये शनिवार-रविवार. इकडे इन्कम टॅक्स रिटर्नचा ओटीपी त्याच नंबरवर. म्हणून मी तरी बिल निघालं की भरायला लावतो आणि लगेच पोर्ट टाकतो, म्हणजे मागे राहिलेलं बिल छोटं येतं. ऑटोपे ते बिल कटेपर्यंत चालू ठेवा, पावतीचा स्क्रीनशॉट काढा.

दुसरं, घाई. रस्त्यावर छत्रीखाली सिम विकणारा पोरगा म्हणतो "फुल नेटवर्क आहे सर", रस्त्यावर असेलही, तुमच्या किचनमध्ये आहे का? एकदा पोर्ट झालात की ९० दिवस परत हलता येत नाही. म्हणून आधी त्या नव्या कंपनीचं स्वस्तातलं प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटला टाकून आठवडाभर घरात, ऑफिसात, गावाकडे वापरून बघा. हे सांगितलं की निम्मे लोक तोंड वाकडं करतात, "एवढा वेळ कुणाला आहे". बरं, मग तीन महिने गच्चीवर जाऊन बोला.

आणि जायच्या आधी जुन्या कंपनीच्या १९८ वर ओटीटी काढल्याची तक्रार टाकून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. पोर्टचा मेसेज गेल्यावर कंपनीचा गोड फोन येतो, ऑफर देतात. घ्यायची तर खुशाल घ्या, पण मेसेजमध्ये लिहून आल्याशिवाय हो म्हणू नका. नव्या कंपनीकडे पोर्टची रिक्वेस्ट दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत CANCEL आणि नंबर १९०० लाच.

बाकी किरकोळ. कोड महाराष्ट्रात चारच दिवस चालतो, काढून ठेवून लग्नाला जाऊ नका. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोडच मिळत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. एकाच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात) साधारण तीन कामाचे दिवस लागतात, पुण्याचा नंबर मुंबई सर्कलमध्ये न्यायचा तर पाच. नंबर कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं पत्र लागतं. प्रीपेडवाल्यांनो, उरलेला बॅलन्स सोबत येत नाही. फॅमिली प्लॅनमधला मुख्य नंबर आधी हलवू नका, बाकीच्यांचं काय होणार ते कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, विचारून घ्या. नेटवर्क जाऊन नवीन सिम लागेपर्यंत काही तास फोन मुका असतो, त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका.

आणि ज्या ओटीटीवरून हे रामायण झालं, त्यात मध्येच स्वतःचं कार्ड किंवा यूपीआय जोडलं होतं का बघा. असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेत जाऊन तो मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, आजच बंद करा.