लढतीची बातमी पारखून कशी वाचावी

बॉक्सिंग आणि ठोसे, लाथा व कुस्तीच्या पकडी अशा सगळ्यांना मुभा असलेली मिश्र युद्धकला, म्हणजेच एमएमए, यांच्या बातम्या एकाच पानावर छापून आल्या तरी त्या एकाच मापाने लिहिल्या आहेत, असे धरून चालू नये. यातला पक्षपात धडधडीत खोटे लिहून क्वचितच केला जातो. क्रियापदे, निवडलेले आकडे आणि बातमीला दिलेली जागा यांतून तो हळूच शिरतो. मराठवाड्यातल्या वाचकाला तो ओळखणे जड जाऊ नये, कारण जत्रेतल्या फडाच्या कडेला मातीत बसून ज्याने कुस्त्या पाहिल्या आहेत, त्याला अंगाशी अंग भिडणाऱ्या खेळातले कसब निराळे समजावून द्यावे लागत नाही.

सुरुवात पेन्सिलीने करावी. बातमीतल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि मग खेळाचे नाव बदलून तेच वाक्य पुन्हा वाचावे. बॉक्सर ‘ठोसा लगावतो’ आणि एमएमएचा खेळाडू ‘बेदम मारतो’, अशी विभागणी दिसली तर थांबावे, कारण हनुवटीवर बसलेला उजव्या हाताचा ठोसा दोन्हीकडे सारखाच असतो. जमिनीवरच्या झटापटीचे वर्णन तर विशेष बारकाईने पाहावे. रितू फोगाट 2019 मध्ये कुस्तीतून एमएमएकडे वळली. गादीवर तिने काढलेला पट, म्हणजे पाय धरून पाडणे, हा डाव, आणि एमएमएच्या जाळीबंद पिंजऱ्यात काढलेला तोच पट म्हणजे ‘जमिनीवर आपटणे’, असे कोणी लिहिले तर ते लिहिणाऱ्याचे अज्ञान आहे, खेळाचा दोष नव्हे.

या शब्दांना इतिहासही आहे. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते आणि नियमही नावापुरतेच होते. अमेरिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले, आणि त्या काळाचा विचार करता ते फारसे चुकीचे नव्हते. पुढे वजनगट आले, फेऱ्या ठरल्या, निषिद्ध प्रहारांची यादी झाली. बातमीदाराच्या लेखणीत मात्र ती कोंबडझुंज अजून फडफडते.

आकडा आला की त्याची दुसरी बाजू शोधावी, आणि इथे घाई करू नये. कॅनडातील एडमंटन येथे 2003 ते 2013 या काळात लढतीनंतर डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात 1,181 एमएमए खेळाडू आणि 550 बॉक्सर होते. काही ना काही दुखापत झालेल्यांचे प्रमाण एमएमएमध्ये 59.4 टक्के, तर बॉक्सिंगमध्ये 49.8 टक्के निघाले. शुद्ध हरपलेल्यांचे प्रमाण मात्र एमएमएमध्ये 4.2 आणि बॉक्सिंगमध्ये 7.1 टक्के होते. पहिली जोडी छापली की एमएमए रानटी ठरते आणि दुसरी छापली की बॉक्सिंग, म्हणून दोन्ही जोड्या न देणारी बातमी अर्धवट समजावी. यामागचे कारणही समजण्यासारखे आहे: कोपराने चेहऱ्याची कातडी चटकन फाटते व रक्त छायाचित्रात ठसठशीत दिसते, तर बॉक्सिंगमध्ये खाली पडलेल्याला दहा अंक मोजेपर्यंत उठण्याची मुभा असल्याने हादरलेले डोके पुन्हा मारासमोर येते, आणि मेंदूला बसलेला हा हादरा कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

त्यानंतर बातमी कोणाच्या मेहेरबानीने मिळाली, हे पाहावे. 2016 मध्ये एमएमए खेळाडू ब्रॉक लेसनरच्या पुनरागमनाची बातमी आधीच फोडल्याबद्दल यूएफसीने पत्रकार एरियल हेलवानी यांना स्पर्धास्थळाबाहेर काढले आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. बॉक्सिंगची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही: ‘द रिंग’ हे या खेळातले सर्वांत नावाजलेले मासिक 2007 पासून 2024 पर्यंत माजी बॉक्सर ऑस्कर डी ला होया यांच्या कंपनीच्या मालकीचे होते आणि तीच कंपनी लढतीही भरवत होती. फडाचा ठेकेदारच निकाल लिहू लागला, तर गावात त्याला कोणी पंच म्हणेल का?

जागेचा हिशेब महिनाभर कात्रणे ठेवून करावा. जून 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्या बातमीला आपल्या वृत्तपत्राने किती ओळी दिल्या, हे मेरी कोमच्या 2012 मधील ऑलिंपिक कांस्यपदकाच्या जागेशी ताडून पाहता येईल. ऑलिंपिक पदकाला अधिक जागा मिळणे रास्तच आहे, परंतु एमएमएचे नाव वर्षभरात केवळ कोणाचा हातपाय मोडल्यावरच छापले जात असेल, तर तो कल मानावा.

शेवटी हीच पेन्सिल स्वतःकडे वळवावी. कुस्तीगीर राहुल आवारे यांच्या बीड जिल्ह्यातला वाचक पकडीला साहजिकच झुकते माप देतो, आणि बॉक्सरने अर्ध्या पावलाने मागे सरकून चुकवलेला ठोसा त्याला ‘काहीच घडले नाही’ असा वाटतो. म्हणून ज्या खेळातले आपल्याला कमी कळते, त्याची लढत आधी आवाज बंद करून पाहावी आणि बातमी त्यानंतर वाचावी.