घराण्याचं दप्तर वाचायला घेताय? हिशेबापासून सुरुवात करा

मोडी लिपीचा वर्ग संपवून पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांना पत्रं हवी असतात. नाना फडणवीसांचं, महादजी शिंद्यांचं, निदान एखाद्या सरदाराचं. एखाद्या सावकारी घराण्याचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सुटला आणि आतून नुसत्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, निघाल्या की चेहरे उतरतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी मात्र हेच सांगते, की पत्रं राहू देत, आधी कीर्द घ्या.

पहिलं कारण शिकण्याच्या सोयीचं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पत्रात प्रत्येक ओळ नवी, त्यामुळे नवखा माणूस पाचव्या ओळीला थकतो. रोजकीर्दीत तीच ती माणसं, तेच ते शब्द. वर श्री, मग तारीख, मग जमा, खर्च, बितपशील (म्हणजे तपशीलवार), पैकी, बाकी. एकाच कारकुनाच्या हातची पानामागून पानं वाचली की त्याचा ‘र’ कसा वळतो, ‘ख’ कुठे मोडतो हे डोळ्याला आपसूक कळू लागतं. माझी मोडी वर्गात सुरू झाली, पण बसली ती कीर्दींवर.

आकड्यांची रीत पहिल्याच दिवशी समजून घ्या. ४८॥= असं दिसलं तर ते अठ्ठेचाळीस रुपये दहा आणे. उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे, दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे आणि पुढच्या दोन आडव्या रेघा म्हणजे दोन आणे. एवढं कळलं की बेरजा पडताळता येतात आणि बेरीज जुळली की वाचनही बरोबर आहे याची खात्री पटते. ही सोय पत्रात नाही. आणि रुपया म्हणजे एकच रुपया नव्हे. चांदवडी, अंकुशी, मलकापुरी अशी निरनिराळी नाणी चालत आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा, म्हणजे बदलाची कसर, कापला जाई. रकमेआधी नाणं कोणतं लिहिलंय ते टिपून ठेवा, नाहीतर दोन वर्षांच्या खर्चाची तुलना फसते.

तारखांना नवी मंडळी उगाच घाबरतात. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ हे अरबी शब्दांतले आकडे आहेत: एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७१. हा शुहूर सन. मृग नक्षत्र लागलं की तो बदलतो. त्यात ५९९ मिळवले, किंवा जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची तारीख असेल तर ६०० मिळवले, की इसवी सन येतो, इथे १७७०-७१. शेजारी ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे तारीख, दिलेला असतो. ‘छ १० रमजान’ असेल तर जंत्री, म्हणजे तारखांचा मेळ देणारं पुस्तक, उघडायची. या सनात ती तारीख डिसेंबर १७७० च्या अखेरीस पडते. आकड्यांचे हे अरबी शब्द पाढ्यासारखे पाठ करून टाका.

आता दुसरं कारण, आणि माझ्या लेखी तेच मोठं. माणूस पत्रात जे लिहीत नाही ते खर्चाच्या बाजूला सापडतं. गुळाचा, तेलाचा भाव, जासुदाची, म्हणजे निरोप्याची, मजुरी, बाळंतिणीसाठी आणलेलं सामान, श्रावणातली दक्षणा, बैलांची सरकी. घरातल्या बायकांची नावं सनदांमध्ये, म्हणजे सरकारी हक्कपत्रांमध्ये, क्वचितच येतात. हिशेबात कुणाच्या नावे काय खर्च पडला ते लिहावंच लागतं, म्हणून तिथे त्या भेटतात. पुण्याच्या दीक्षित-पटवर्धनांसारख्या सावकारी घराण्यांचा अभ्यास करताना वंशावळीइतकीच खतावणी, म्हणजे खात्यावार हिशेबाची वही, महत्त्वाची. पेशव्यांच्या मोहिमांमागे सावकारांचा पैसा होता हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. तो पैसा कुठून कुठे फिरला, हे हुंडी (दुसऱ्याला पैसे द्यायला सांगणारी सावकारी चिठ्ठी) आणि वरात (पैसे देण्याचा लेखी हुकूम) वाचल्याशिवाय कळत नाही.

हुंडी हातात आली तर सावकाश बघा. रक्कम एकदा सांगून कारकून थांबत नाही. हजाराची हुंडी असेल तर ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असं पुन्हा लिहितो, कुणी आकडा फिरवू नये म्हणून. दर्शनी (दाखवताच पैसे) आहे की मुदती (ठरल्या मुदतीनंतर), शहाजोग (पतदार सावकारालाच देय) आहे की धनीजोग (हुंडीच्या धन्याला देय), हे पाहा. मूळ हुंडी गहाळ झाली तर पैठ ही दुसरी प्रत, तीही हरवली तर परपैठ, त्याहीपुढे मेजर. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. घराण्यात खोके जपलेले सापडले तर सोन्याहून मोल आहे, कारण व्यवहार पुरा झाल्याचा तो पुरावा.

हे कागद टिकले कसे, हेही ठाऊक असावं. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला कागद लागत, म्हणून घराघरांत ते जिवापाड जपले गेले. १९५० नंतर परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, आणि कागदांचा तो उपयोगही गेला. मग काही माळ्यावर कुजले, काही रद्दीत गेले. त्याआधीच इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं मिळवली आणि १९१० साली मंडळ उभं राहिलं. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या कागदांत आयुष्यभर बसले. ही माणसं नसती तर आज आपण कशावर बसलो असतो, असं मला रुमाल सोडताना नेहमी वाटतं.

कामाच्या दोन गोष्टी. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे आहेत. जाण्याआधी अर्जाचे आणि छायाचित्रांचे नियम विचारून घ्या. टिपणं पेन्सिलीने काढा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. आणि रुमालातला क्रम कधीही मोडू नका. तुम्हाला हवा असलेला कर्जरोखा ज्या दोन कागदांच्या मधे आहे, ते दोन कागद बहुधा तो का लिहिला गेला हे सांगत असतात. रुमाल क्रमांक वहीत आधी, मजकूर नंतर.

पोटापाण्याचं विचाराल तर काम आहे. जमिनीच्या दाव्यांत मोडी कागदांचं लिप्यंतर लागतं, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची अचानक मोठी गरज पडली. पण लिप्यंतर करणारे वाढले, तसे हिशेब समजणारे वाढलेले नाहीत. खतावणीवरून घराण्याचा वीस वर्षांचा व्यवहार मांडून दाखवणारा माणूस आजही मिळत नाही. त्या जागा रिकाम्या आहेत.

तुमच्याच घरी गाठोडं असेल तर आधी विषयवार लावायला बसू नका. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, प्लास्टिकची पिशवी नको. आहे त्याच क्रमाने स्वच्छ सुती फडक्यात बांधा, वर कुणाकडून आलं ते लिहा आणि जाणकाराला दाखवा. सनद निघाली नाही म्हणून किरकोळ हिशेबाचे कागद वेगळे काढून टाकू नका.