एसीयूला येताय? मग ‘कम्युनिटी एंगेजमेंट’बद्दल आधी हे वाचा

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हातात पडला की सोलापूरच्या पोरापोरींचे मला मेसेज सुरू होतात. दादा, खोली कुठं बघू? दादा, शेंगाचटणी नेता येते का? आणा, पण विमानतळावरच्या कार्डावर खाण्याचं सामान आहे असं लिहा. लपवलं तर दंड बसतो. खोलीचं म्हणाल तर नुसते फोटो बघून पैसे पाठवू नका, आठवडाभर कुणा ओळखीच्याकडं टेका आणि मग शोधा. एवढं सगळ्यांचं होतं. अडतं ते भलतीकडंच, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटीत, म्हणजे एसीयूत, बऱ्याच पदव्यांच्या अभ्यासक्रमातच कम्युनिटी एंगेजमेंट असतं. आपण ते वाचतो आणि मनात म्हणतो, हां, एनएसएस. दोन वर्षांत 240 तास, सात दिवसांचं शिबिर, गावातली गटारं साफ करायची आणि शेवटी सरपंचांबरोबर फोटो. मीही तेच समजून आलो होतो.

विद्यापीठाची व्याख्या मात्र वेगळी आहे. विद्यार्थी आणि शिक्षकांकडं जे आहे ते घेऊन लोकांच्या गटांबरोबर काम करायचं. काय साधायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. त्यातून लोकांची स्वतःची ताकद वाढावी, त्यांचं बरं व्हावं, आणि जे होईल ते न्यायाचं आणि टिकणारं असावं. लोकांच्या, समाजाच्या आणि विद्यापीठाच्याही हिताचं. त्या ‘विद्यापीठाच्याही’वर मी बराच वेळ थबकलो होतो. एनएसएसचं ब्रीद ‘नॉट मी, बट यू’. इथं सरळ कबुली आहे की आम्हालाही यातून काही हवंय. म्हणजे तुम्ही दाते नाही.

हे मला कळलं ते मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात. तिथं सरकारी घरांच्या वीस मजली इमारती आहेत, त्यांच्या जवळच मुलांचा एक अभ्यासवर्ग चालायचा. पहिल्या दिवशी मी गणिताच्या छापील शीट घेऊन गेलो. एकानंही हात लावला नाही. वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, आज नुसता बस. शेजारी एक सोमाली मुलगी आईला विजेचं बिल समजावत होती. इंग्रजीत वाचायची, सोमालीत सांगायची, आईनं शंका काढली की परत बिलात डोकं. मला आमची गल्ली आठवली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, वाण्याकडं कानडी, अशी पद्मशाली विणकरांची पोरं एका दमात तिन्हीकडं बोलायची. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या बिलावरच गणित केलं. रोजचे युनिट, सरासरी, गेल्या हिवाळ्यापेक्षा किती जास्त. ही कल्पना त्या मुलीची. माझ्या टिपणात मी ‘गरीब मुलांना मदत केली’ असं लिहून ठेवलं होतं, ते वाक्य खोडलं.

‘कॅथलिक’ शब्दानं घरी थोडी चलबिचल होते, माझीही आई विचारायची. शिकायला कॅथलिक असावं लागत नाही. या कामाच्या मुळाशी चर्चचा सामाजिक विचार आहे एवढं खरं. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगारांवर पत्र काढलं, त्यात न्याय्य मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क मांडला. आपल्या सोलापुरातली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी 1877 ची. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या गावाला हे वेगळं समजावायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांबरोबर काम असेल तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो, म्हणजे मुलांमध्ये काम करायला तुम्ही योग्य आहात का याची सरकारी तपासणी, तिचं कार्ड मिळतं. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो, पण त्या कार्डावर पगारी काम करता येत नाही. अर्ज लवकर टाका. व्हिसावरची पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा नोकरीसाठी आहे. अभ्यासक्रमात सक्तीचे म्हणून नोंदलेले तास त्यात धरत नाहीत. बैठकीच्या सुरुवातीला त्या जमिनीच्या मूळ लोकांचा, मेलबर्नमध्ये बहुधा वुरुंजेरींचा, उल्लेख होतो. तेव्हा मोबाइल खिशात.

आणि मुलांच्या वर्गाला जाताना चटणी खोलीवरच ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी इथं फार, मुलांच्या बऱ्याच ठिकाणी तो चालत नाही. माझा डबा पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवावा लागला होता.