झोप कमी की झोप लागत नाही? खेळाडूची झोप तपासताना या चुका टाळा

पैलवान मेहनतीत ढिला पडला, फुटबॉलपटू दुसऱ्या हाफमध्ये धापा टाकू लागला की पहिली नजर खुराकावर जाते. झोपेची चौकशी झालीच तर एका प्रश्नावर संपते: "किती तास झोपतोस?" उत्तर येतं "सात-आठ." त्यावर विसंबून सराव वाढवला किंवा कमी केला जातो. खरी गडबड इथूनच सुरू होते.

फक्त तास विचारणे

तासांपेक्षा वेळा विचारा. कोल्हापुरातल्या तालमीत पहाटे चारच्या सुमारास उठायचं आणि रात्री मोबाइल खाली ठेवायला अकरा वाजायचे, म्हणजे हातात पाचच तास. दुपारची दीड तासाची झोप धरली तरी साडेसहा. प्रौढांना सात ते नऊ तास लागतात, 14 ते 17 वयाच्या पोरांना आठ ते दहा. तालमीत राहणारी बरीच पोरं याच वयाची असतात, आणि वेळापत्रक मात्र मोठ्या पैलवानांचं पाळतात.

दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा. पाठ कधी टेकली, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळा आणि किती वेळ जाग आली, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं, दुपारी किती झोप, शेवटचा चहा-कॉफी कधी. सकाळी उठल्यावर लगेच लिहायचं. आठवड्याचं एकदम बसून भरलेली वही टाकून द्या. यात्रांच्या मैदानांचे दिवस किंवा वजन उतरवण्याचा आठवडा या मोजणीत घेऊ नका. पोट रिकामं आणि अंगात पाणी कमी असताना झोप मोडणारच. तो आठवडा वेगळा लिहा.

दोन वेगळ्या तक्रारींना एकच इलाज

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एकाला झोपायला वेळच मिळत नाही, दुसऱ्याला वेळ आहे पण झोप लागत नाही. पहिला बसमध्ये, मॅटच्या कडेला, कुठेही डुलकी काढतो आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठतो. दुसरा दमलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी डोळा लागत नाही.

वहीतून झोपेचं प्रमाण काढा: प्रत्यक्ष झोप भागिले अंथरुणातला वेळ, गुणिले 100. रात्री दहा ते पहाटे साडेपाच म्हणजे साडेसात तास अंथरुणात आणि झोप सहा तास, तर प्रमाण 80 टक्के. 85 च्या खाली सतत राहिलं तर शंका घ्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, दिवसा त्याचा त्रास होतो आणि हे तीन महिने चाललंय, तर तो जुनाट निद्रानाश समजून तज्ज्ञाकडे पाठवा.

इलाज जवळपास उलटे आहेत. पहिल्याला लवकर झोपवा किंवा सकाळची मेहनत तासभर पुढे ढकला. वस्तादांना हे रुचत नाही, पण गणित तेच सांगतं. दुसऱ्याला "लवकर आडवा हो" सांगितलं तर तो अंथरुणात आणखी तळमळतो. त्याला उठायची वेळ रोज एकच ठेवून, पेंग आल्यावरच अंथरुणात जायला सांगतात. शेजारच्या खोलीतल्याची झोपेची गोळी हा दोघांनाही इलाज नाही.

मानेचा घेर पाहून निष्कर्ष

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं तपासायच्या प्रश्नावलीत 40 सेंटिमीटरवरची मान धोक्याची धरतात. वजनी पैलवानांपैकी बहुतेकांची मान त्याहून जाड. म्हणून एकट्या टेपवर भरवसा ठेवू नका, आणि "पैलवानाची मान जाडच असते" म्हणून सोडूनही देऊ नका. खोलीत सोबत झोपणाऱ्याला विचारा: घोरताना मध्येच श्वास थांबतो का, मग दचकून धाप लागते का? सकाळी डोकं जड, रक्तदाब वाढलेला, नाकाचं हाड जुन्या मारामुळे वाकडं, यातलं काही जोडीला असेल तर झोपेची चाचणी करून घ्या. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर विकार सुरू झालाय, 30 च्या वर गेला तर तो तीव्र.

घड्याळाच्या आकड्यांवर सराव ठरवणे

मनगटावरचं घड्याळ निपचित पडलेल्यालाही झोपलेला धरतं. गाढ झोप किती मिनिटं, हा आकडा तर सोडूनच द्या. झोपायची-उठायची वेळ पाहायला घड्याळ चालेल. सकाळी 'स्कोअर 58' वाचूनच मरगळणारी पोरं असतात. अशांचं घड्याळ काढून ठेवा.

एका सकाळच्या नाडीवरून घाबरणे

जाग आल्यावर, उठण्याआधी, चहाआधी पूर्ण 60 सेकंद नाडी मोजा. नेहमीच्या सरावाच्या सात दिवसांची सरासरी हा पाया. एका दिवशी पाच ठोके वाढले तर उकाडा, कमी पाणी, रात्री उशिरा चापलेला तांबडा-पांढरा, काहीही कारण असेल. तीन-चार दिवस नाडी चढी, अंग दुखरं, नेहमीच्या जोर-बैठका जड, असं सगळं एकत्र दिसलं तर मेहनत कमी करा. दोन आठवडे हलकं ठेवूनही फरक नाही, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन आधी.

डब्यातली पूड न विचारणे

चहा सगळे विचारतात, जिममधली सरावाआधी घ्यायची कॅफिनची पूड कुणी विचारत नाही. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला 200 मिलिग्रॅम घेतलं, तर अकराला 100 अंगात आहेच. दुपारी दोननंतर ती बंद करा आणि दोन आठवड्यांनी त्याच वहीत, त्याच रकान्यांत पुन्हा नोंद घ्या.