थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज कसा ओळखावा

थंड इंजिनाचा आवाज तपासण्याची संधी दिवसातून बहुधा एकदाच मिळते. गाडी दहा मिनिटे चालली की भाग तापतात, आवाज विरतो आणि दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी मेकॅनिकसमोर अगदी साळसूदपणे चालते. म्हणून तयारी आदल्या रात्रीच करावी. गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवावी, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवल्यास बिनवासाचा, विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. सकाळी प्रथम डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवर, ऑइलची पातळी पाहावी, मग बॉनेट उघडे ठेवून दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगावे आणि आपण मोबाइलवर आवाज मुद्रित करत बाजूला उभे राहावे. मफलर, ओढणी किंवा सैल बाही इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) जवळ जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

आवाज कसा आहे, याचे वर्णन करण्याच्या फंदात लोक पडतात. माझ्या मते तो कधी सुरू झाला आणि किती सेकंदांनी थांबला, ही नोंद त्याहून अधिक उपयोगाची असते.

इंजिन फिरण्यापूर्वीच भराभर टकटक ऐकू येऊन डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर दोष इंजिनात नसून बॅटरीत किंवा तिच्या सैल, गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फवरचा भार वाढतो. पूर्ण चार्ज झालेली, काही तास न वापरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. दात घासल्यासारखा करकर आवाज मात्र सेल्फच्या पिनियनचा (छोट्या दातेरी चाकाचा) किंवा ते ज्यात अडकते त्या, फ्लायव्हीलवरील रिंग गिअरचा असतो.

सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन शांतता पसरणे, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. पंपाने ते पुन्हा वर चढवेपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (व्हॉल्व्हची वेळ राखणारी साखळी ताणून धरणारा भाग) यांना पुरेसा दाब मिळत नाही. थंडीत ऑइल दाट झाल्याने हा वेळ वाढतो. डब्यावरील ५डब्ल्यू-३० या खुणेतला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी असून त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला ग्रेडच भरला आहे ना, हे आधी पाहावे. ग्रेड बरोबर असूनही खडखड होत असेल, तर ऑइल फिल्टरकडे वळावे. ज्या गाड्यांत ऑइल परत खाली जाऊ नये म्हणून फिल्टरमध्येच रबरी झडप असते, तिथे स्वस्तातल्या फिल्टरची ती झडप कडक होते आणि नवे फिल्टर घालताच आवाज गेल्याचे आढळते. याउलट खडखड इंजिनाच्या चेनच्या बाजूने येत असेल आणि आठवड्यागणिक लांबत असेल, तर टाळाटाळ करू नये. सैल चेन चाकाच्या दातावरून घसरली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

सुरू झाल्यावर येणारी किंचाळी बहुधा पट्ट्याची असते, कारण सेल्फने खर्च केलेली वीज भरून काढताना अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) भार वाढतो आणि दमट पट्टा घसरतो. इंजिन चालू असताना दुरूनच पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली (पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाके) एका रेषेत नसण्याची शक्यता असते. वाढला तर ताण कमी आहे. माझ्या गाडीचा पट्टा एका गॅरेजने दोनदा बदलला, तरी किंचाळी कायम राहिली. शेवटी पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवली, तेव्हा आयडलर पुलीत (पट्ट्याला केवळ दिशा देणाऱ्या चाकात) वाळू भरल्यासारखी खरखर बोटांना जाणवली. बेअरिंग संपले होते.

काही मिनिटे टिकणारी टिकटिक ओळखणे खरे कठीण. टॅपेटची टिकटिक वरून, व्हॉल्व्ह कव्हरमधून येते आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने ती तुलनेने संथ असते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक कव्हरवर आणि मूठ कानाशी धरल्यास जागा बरीचशी कळते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (धूर बाहेर नेणाऱ्या, इंजिनाला जोडलेल्या नळ्यांची) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, फुटली असेल तर टिकटिकीत फुसफुस मिसळलेली असते, अॅक्सिलरेटर दाबताच ती वाढते आणि सांध्यापाशी काजळी दिसते. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. पोकळ, मातीचे भांडे वाजवल्यासारखा आवाज पिस्टनचा असू शकतो. थंड अॅल्युमिनियम पिस्टन आणि सिलिंडर यांत फट जास्त असते, ती तापल्यावर कमी होते. ऑइल जळत नसेल आणि आवाज काही मिनिटांत जात असेल, तर केवळ तेवढ्यासाठी इंजिन उघडू नये, असे मी सांगेन. थंड डिझेल इंजिन तर मुळातच खणखणते. मात्र त्यासोबत पांढरा धूर आणि थरथर असेल, तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारे भाग) तपासून घ्यावेत.

वरील बहुतेक आवाज ऊब मिळताच मावळतात. इंजिन तापल्यावरही टिकणारा किंवा वाढणारा, खालून येणारा जड ठोका, विशेषतः भार पडताच ठळक होणारा, कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. टो करून न्यावी आणि सकाळचे मुद्रण मेकॅनिकला ऐकवावे.